विहीणबाईंची भाषा

गेलं दीडेक वर्ष आमच्या फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटलेल्या आहेत. कांदा म्हणजे सेबोया, मीठ म्हणजे साल, कोथिंबीर म्हणजे सिलांत्रो. घरी येणारा प्रत्येक जण त्या वाचतो आणि मग माझ्याकडे बघतो. धाकट्या वन्संनी तर फोनवर सरळच विचारलं, "वहिनी, साठीनंतर कसली परीक्षा?" परीक्षा वगैरे काही नाही हो. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा म्हटलं, इथेच सविस्तर लिहावं.

कारण बहुतेकांना ठाऊक आहे. लेकीने मेक्सिकोच्या मुलाशी लग्न केलं. दोघं राहतात टेक्सासमध्ये, आणि जावयाचे आईवडील मेक्सिकोत, पुएब्ला शहरात. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश येत नव्हतं. पहिली दोन वर्षं आमचा संवाद असा चाले: मी मराठीत लेकीला सांगायचं, तिने इंग्रजीत जावयाला, त्याने स्पॅनिशमध्ये आईला. "तुमच्याकडे पाऊस कसा आहे?" हा प्रश्न तिथे पोचून उत्तर परत येईपर्यंत इकडे ऊन पडलेलं असे. पुढे लेक स्पॅनिश शिकली आणि पूर्ण वेळ दुभाषी झाली. तिच्या तोंडून सगळं पोचायचं खरं, पण विहिणी-विहिणींनी बोलायचं ते काही मुलीच्या तोंडून बोलता येत नाही. म्हणून मग क्लास लावला.

दुसऱ्याच आठवड्यात नात्यांचे शब्द आले आणि मी खूश झाले. स्पॅनिशमध्ये विहिणीला शब्द आहे! कोन्सुएग्रा. सुएग्रा म्हणजे सासू, आणि कोन्सुएग्रा म्हणजे विहीण. व्याही तो कोन्सुएग्रो. इंग्रजीत हेच सांगायचं तर 'माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई' अशी वंशावळ लावावी लागते. मेक्सिकोत साडूलासुद्धा शब्द आहे, कोंकून्यो. (काका आणि मामा मात्र दोघेही तीओ, आत्या-मावशी दोघी तीआ. तिथे आपण जास्त श्रीमंत.) नात्याला शब्द आहे म्हणजे त्या समाजात ते नातं मानतात, एवढं मला पुरे होतं.

उच्चारांचं म्हणाल तर आपल्याला निम्मं काम फुकट मिळतं. त, द, क, प सगळे आपल्यासारखेच. 'एच' लिहायचा पण उच्चारायचा नाही. बी आणि व्ही यांचा आवाज एकच, म्हणून मेक्सिकोतली मुलं स्पेलिंग सांगताना 'बुर्रोचा बी' आणि 'वाकाचा व्ही' म्हणतात, म्हणजे गाढवाचा बी आणि गाईचा व्ही. 'र' तेवढा सांभाळायचा. पेरो म्हणजे 'पण', आणि जीभ थरथरवून म्हटलेला पेर्रो म्हणजे कुत्रा.

खरी गंमत वाक्यांत आहे. क्लासमधली तरुण मुलं 'मे गुस्ता'ला अडतात. इंग्रजीत 'मी' कर्ता आणि कॉफी कर्म; स्पॅनिशमध्ये उलटं, म्हणून ती गोंधळतात. मला वाटलं, यात अवघड काय आहे? मे गुस्ता एल मांगो, मला आंबा आवडतो. मे गुस्तान लोस मांगोस, मला आंबे आवडतात. आंबा एक की अनेक यावर क्रियापद ठरतं, आपल्यासारखंच. दुखण्याचंही तेच. एक गुडघा दुखला तर दुएले, दोन्ही दुखले तर दुएलेन. (मी दुसरं रूप आधी पाठ केलं.) तेव्हापासून मी एक नियम केलाय: स्पॅनिश वाक्य आधी मराठीतून समजून घ्यायचं, इंग्रजीच्या वाटेला जायचंच नाही. सगळीकडे नाही चालत हे. भूक आपल्याला 'लागते', त्यांच्याकडे ती 'असते': तेंगो आंब्रे. आणि वयही असंच जवळ बाळगायचं असतं. तेंगो सेसेंता इ उन आन्योस, माझ्यापाशी ६१ वर्षं आहेत. आपण वर्षं 'सरली' म्हणतो. ती आपल्यापाशी जमा आहेत हा हिशोब मला बरा वाटला.

पण सगळ्यात आवडलेली रचना वेगळीच. हातातून ग्लास पडून फुटला तर स्पॅनिश माणूस सहसा 'मी ग्लास फोडला' म्हणत नाही. म्हणतो, 'से मे रोंपिओ'. ग्लास आपला आपण फुटला, आणि ते माझ्या बाबतीत घडलं. पडला तर 'से मे कायो', विसरलं तर 'से मे ओल्विदो'. आपण नाही का म्हणत, 'माझ्या हातून फुटला', 'मला विसर पडला'? फोडणं आणि फुटणं यातला फरक दोन्ही भाषांना कळतो. जे घडलं ते आपल्याला लागलं आहे, पण आपण ते केलेलं नाही, हे सांगायला जागा आहे.

पुस्तकात नसलेलं बरंच काही फोनवरून शिकले. 'आओरा' म्हणजे आत्ता. त्याचं लाडकं रूप 'आओरिता', म्हणजे खरं तर अगदी आत्ता, पण मेक्सिकोत ते आत्ताही असू शकतं, तासाभराने असू शकतं, किंवा नाहीही. आपला 'हा काय, आलोच' आठवा. हाक मारली तर इंग्रज म्हणतो 'येतोय', स्पॅनिश माणूस म्हणतो 'या वोय', म्हणजे 'जातोय', आणि आपण जागचे न हलता म्हणतो 'आले!'. नीट ऐकू आलं नाही तर 'के?' म्हणजे 'काय?' असं विचारणं मेक्सिकोतल्या जुन्या लोकांना उद्धट वाटतं. तिथे 'मांदे?' म्हणायचं, म्हणजे 'आज्ञा करा'. आणि विहीणबाई स्वतःच्या घराला 'सु कासा' म्हणत, म्हणजे 'तुमचं घर'. "तुमच्या घरी आज पाहुणे आहेत," असं त्या म्हणाल्या की ते पुएब्लातल्या घराविषयी असायचं.

आम्ही एकमेकींना अर्थातच 'उस्तेद' म्हणत होतो. उस्तेद म्हणजे तुम्ही. मूळ शब्दप्रयोग होता 'आपली कृपा' अशा अर्थाचा, तो झिजत झिजत उस्तेद झाला, आणि म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी चालतं. विहिणीविहिणींचं नातं आदराचंच. त्यात आमच्याकडे शब्द मोजके, त्यामुळे आदर आपोआपच जास्त.

गेल्या वर्षी व्याही गेले. झोपेतच गेले. लेकीचा फोन आला तेव्हा तिचाच आवाज लागत नव्हता. म्हणाली, "आई, त्यांच्याशी बोलशील ना? मी मध्ये आहे, सांगेन मी सगळं." मी म्हटलं, तू नको सांगूस. तिचं स्वतःचं दुःख होतं, नवऱ्याला सांभाळायचं होतं. त्यात सासूचं रडणं आईला भाषांतर करून सांगायचं, हे कुठल्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये.

शेजारी दुखवट्याला जाताना आपण काय बोलतो? फारसं नाहीच. पण फोनवर नुसतं बसून राहता येत नाही. मी वही काढली आणि एक वाक्य लिहून घेतलं: ला आकोम्पान्यो एन सु सेंतिमिएंतो. तुमच्या दुःखात मी तुमच्याबरोबर आहे. म्हणजे आपलंच, 'आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत'. वर्तमानपत्रातल्या चौकटींत आणि चौकातल्या फलकांवर वाचून वाचून हे वाक्य माझ्यासाठी कधीच गुळगुळीत झालं होतं. परक्या भाषेत एकेक अक्षर जुळवताना ते पहिल्यांदा ऐकू आल्यासारखं वाटलं. सोबत करणं, एवढंच त्यात आहे.

संध्याकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी आठला, फोन लावला. माझं वाक्य म्हणून झालं. विहीणबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "से मे फुए मि विएहो." मि विएहो म्हणजे शब्दशः माझा म्हातारा, मेक्सिकोतल्या बायका नवऱ्याला मायेने तसं म्हणतात, आपल्याकडे 'आमचे हे' म्हणतात तसं. आणि से मे फुए... ग्लासचीच रचना. ते गेले, आणि ते माझ्या बाबतीत घडलं. गेले हो मला सोडून.

याचा अर्थ मला लावावा लागला नाही. त्यानंतर त्या पुष्कळ बोलल्या, त्यातलं निम्मं मला कळलं. माझ्यापाशी दोनच शब्द होते, तेच अधूनमधून म्हणत राहिले: आकी एस्तोय. मी इथे आहे.

नोव्हेंबरात त्यांचा मृतांचा सण आला. त्यांनी फोन फिरवून घरात मांडलेली वेदी दाखवली. व्याह्यांचा फोटो, त्यांच्या आवडीचे पदार्थ, मेणबत्त्या आणि सगळीकडे झेंडू. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, तिथलं नाव सेंपासूचिल. मी सांगितलं, आमच्याकडेही भाद्रपदात गेलेल्या माणसांसाठी पान वाढतात, त्यांच्या आवडीचं करतात. हे सांगायला मला पंधरा मिनिटं लागली, पण मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आब्लामे दे तू." माझ्याशी 'तू' म्हणून बोल.

त्यांचं 'तू' आणि आपलं 'तू' तंतोतंत एकच आहे, अर्थानेही आणि उच्चारानेही. हा एक शब्द मला कुणी शिकवावा लागला नाही. तरी इतकी वर्षं 'विहीणबाई' म्हटलेल्या बाईला तो म्हणताना जीभ जड झाली खरी.

सध्या क्लासमध्ये क्रियापदांचं ते रूप चालू आहे ज्याला सगळे घाबरतात. इच्छा, आशा, शंका असली की वापरायचं ते. मला मात्र ते ओळखीचं वाटलं. आपलं 'यावं', 'व्हावं', 'बरं वाटावं' नाही का? त्याच्याबरोबर एक शब्द येतो, ओहाला. अरबीतून आलेला, 'देवाची इच्छा असेल तर' या अर्थाचा. कालच्या फोनमध्ये तिने तोच वापरला: ओहाला वेंगास प्रोंतो. तू लवकर यावंस.

पासपोर्ट नूतनीकरणाला टाकलाय.