बयलाटाचा कुलगुरू

विद्वान मनुष्य कुलगुरू झाला की त्याची विद्वत्ता तेथेच संपते, असे आम्हां कचेरीतल्या मंडळींचे एक कडवट मत असते. आणि ते अगदीच निराधार नाही. मंजूर जागा, अंदाजपत्रके, लेखापरीक्षकांचे आक्षेप यांच्या ढिगाऱ्याखाली भलेभले पंडित गाडले जातात. म्हणूनच डॉ. चंद्रशेखर कंबार यांची हकीकत आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

कंबारांचा जन्म १९३७ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील घोडगेरी गावचा. कंबार म्हणजे लोहार. घरी भाता नि ऐरण, आणि गावात रात्रभर चालणारा बयलाट. 'बयल' म्हणजे उघडे मैदान, 'आट' म्हणजे खेळ. पुढे धारवाडच्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय घेतला तो हाच : उत्तर कर्नाटकातील लोकरंगभूमी. हे संशोधन प्रबंधाच्या पुठ्ठ्यांत अडकून पडले नाही. १९७२ च्या 'जोकुमारस्वामी' नाटकात त्यांनी सुफलनाचा एक ग्रामीण विधी घेतला आणि त्यातूनच प्रश्न उभा केला, की जमीन कोणाची : बळकावणाऱ्याची की कसणाऱ्याची?

या परंपरेकडे आम्ही मराठी माणसांनी परकेपणाने पाहावे, हे तर मुळीच शोभत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, त्याला निमित्त झाले होते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ.

बेंगळूर विद्यापीठात दोन तपांच्या आसपास अध्यापन केल्यावर कंबार हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९९१ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ पदवीचे वर्ग चालविण्यासाठी नव्हे, तर संशोधनासाठी काढलेले. कन्नड मुलखाची भाषा, इतिहास, शिल्प, संगीत, लोकवाङ्मय हे सारे त्याचे अभ्यासविषय. येथील पदवीदान समारंभास 'नुडिहब्ब', म्हणजे भाषेचा सण, म्हणतात. सन्मान्य पदवीचे नाव 'नाडोज'. ही आदिकवी पंपाची उपाधी. ती कंबारांच्याच कारकिर्दीत सुरू झाली, आणि पुढे बुर्रकथा गाणाऱ्या निरक्षर दरोजी ईरम्मांनाही मिळाली. जिला सही करता येत नाही तिला विद्यापीठाने पदवी द्यावी! असा प्रस्ताव एखाद्या कचेरीत आला, तर त्यावर किती टिपणे चढतील आणि 'कोणत्या नियमान्वये?' हा शेरा किती वेळा पडेल, याची आम्हांस पुरेपूर कल्पना आहे. पण ज्याने गावच्या मैदानात नाटक पाहिले, त्याला ज्ञान आणि अक्षर या दोन वस्तू वेगळ्या असल्याचे कोणी शिकवावे लागत नाही.

पुढचे मानसन्मान थोडक्यात सांगतो : राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे अध्यक्षपद, २०१० चे ज्ञानपीठ आणि २०१८ साली साहित्य अकादमीचे अध्यक्षपद. त्या निवडणुकीत कंबारांना ५६ मते पडली. उमेदवारांत आमचे भालचंद्र नेमाडेही होते, त्यांना ४. मराठी म्हणून मन थोडे खट्टू होते खरे. परंतु नेमाड्यांचा देशीवाद लेखकाकडून जे मागतो, त्यातले बरेचसे कंबारांनी हंपीस सरकारी पैशाने आणि सरकारी नियमांत बसवून करून दाखविले होते.