शेताच्या बांधावरून

सन २०२४ च्या जून महिन्यांत थोरल्या बंधूंसमवेत स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ बेरिक गांवानजीकच्या एका शेतावर चार दिवस राहण्याचा योग आला. जवाचें हिरवेंगार शेत थेट समुद्राच्या कड्यापर्यंत गेलेलें! पलीकडे टँटॅलन किल्ल्याची तांबूस, प्रचंड भिंत. १६५१ सालीं क्रॉमवेलच्या सैन्यानें तोफा डागून हा किल्ला निकामी केला. बंधु इतिहासाचे भोक्ते, ते तेथेंच रमले. माझी दृष्टि मात्र समोरच्या समुद्रांतील बास खडकावर खिळली. शंभर मीटरांहून उंच असा तो काळा खडक गॅनेट पक्ष्यांच्या दाटीनें पांढरा झाला होता.

"केवढा शुभ्र!" मी उद्गारलों. शेताच्या वृद्ध मालकीणबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पूर्वीं याहून पांढरा दिसे."

२०२२ सालीं बर्ड फ्लूची सांथ आली आणि खालच्या वाळूवर मेलेले पक्षी येऊन पडूं लागले. २०१४ सालीं ७५,००० हून अधिक असलेलीं घरटीं २०२३ सालीं सुमारें ५२,००० उरलीं. जे पक्षी दुखण्यांतून वांचले, त्यांपैकीं कित्येकांचे फिकट निळे डोळे काळे झाले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही नावेंतून खडकाभोंवतीं फिरून आलों. दुर्बिणींतून अखेर तसा एक काळ्या डोळ्यांचा पक्षी मला दिसला. तो पिलास भरवीत होता. पिलाचें सारें डोकें त्याच्या चोंचींत शिरलें होतें.

सायंकाळीं ही हकीकत सांगतांच बाईंनीं हातांतला चहा खालीं ठेवला व विचारलें, "खडकाच्या कोणत्या अंगास?"