पलीकडची खबर

मोबाइलचा चार्जर ही काही चिंतनाला योग्य वस्तू नव्हे. तरीपण त्याच्या पोटातील एका युक्तीने माझ्या मनाला चटका लावला आहे.

भिंतीतील 230 व्होल्टची वीज आणि आपला हात यांच्यामध्ये तिथे ‘फ्लायबॅक’ जातीचे एक चिमुकले रोहित्र असते. त्यातील तारांच्या दोन वेटोळ्यांचा परस्परांना स्पर्श नसतो. अलीकडची कळ लागली, की गाभ्यात ऊर्जा साठते. सुटली, की ती पलीकडे उतरते. पलीकडे दाब किती झाला, हे पाहावयास अनेक चार्जरांत निराळा दूत ठेवीतच नाहीत. अलीकडच्याच एका लहान वेटोळ्यावर त्या दाबाचे प्रतिबिंब उमटते, आणि ते वाचून चिप पुढचा घास ठरविते. वाचावयाचे तेही पलीकडचा प्रवाह ओसरून शून्याला टेकताना. भर ओघातले उत्तर फसवे असते. शिवाय काही पाठविल्यावाचून प्रतिबिंबच उमटत नाही. म्हणून मागणी नसली, तरी एखादा ठोका अधूनमधून पाठवावाच लागतो.

माझी वृद्ध आई अमरावतीस एकटी असते, मी अकोल्यास. विचारले, की “मी बरी आहो” हे तिचे ठरलेले उत्तर. तिचे खरे वर्तमान मला कळते ते मी कापसाचा भाव, नातवाची परीक्षा असे काहीबाही सांगून झाल्यावर, बोलणे संपता संपता उतरणाऱ्या तिच्या स्वरावरून. म्हणून कारण नसतानाही मी रोज सायंकाळी फोन करतो. “काहून केला रे फोन?” ती विचारते, आणि तो दिवस तिला कसा गेला, हे मला त्या प्रश्नातच ऐकू येते.