पुडीवरची कणीक

आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधिदर्शनासाठी अंबाजोगाईस गेलो, पण मनात ओढ होती आपेगावची. ज्ञानदेवांचे आपेगाव पैठणजवळचे. हे बीड जिल्ह्यातले, पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांचे. त्यांचा पखवाज ऐकून आमच्या वडिलांनी हौसेने तसाच घडवून घेतला होता. तसेच खोड, तशीच वादी, तसेच गठ्ठे. तो नाद मात्र कधी आला नाही. दोष पखवाजाचाच, असे मानून वडील गेले.

वाटेत एका देवळात वृद्ध मृदंगी भजनापूर्वी कणीक मळीत बसले होते. उजव्या पुडीची शाई कारागीर कायमची बसवतो; डाव्या पुडीची कणीक वाजवणाऱ्याने दर खेपेस लावायची. जास्त झाली तर नाद दबतो, कमी पडली तर घुमत नाही. ते जराशी लावीत, थाप मारीत, ऐकत, पुन्हा थोडी काढीत.

"किती लावायची, बाबा?"

"कान म्हणंल तेवढी."

म्हणजे पखवाज विकत मिळतो तो अर्धाच! उरलेला रोज आपण घडवायचा आणि भजन संपताच खरवडून टाकायचा.

यंदा दिवाळीत वडिलांचा पखवाज खोळीतून काढला आहे. शेजाऱ्यांनी क्षमा करावी.