छापायला गेलेली प्रत आणि मागे राहिलेली शाखा

मराठीच्या अध्यापकांनी संगणकाच्या आज्ञावलींविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु एका संहितेच्या अनेक प्रती होणे आणि त्या पुन्हा जुळवणे हा व्यवहार आमच्या विषयाला मुळीच नवा नाही. एम. ए.च्या वर्गासाठी मध्ययुगीन मराठीतील शब्दार्थ आणि टिपा यांचे एक टिपण आम्ही तिघे मिळून करतो, आणि ते गेली काही वर्षे ‘गिट’मध्ये ठेवतो. लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी घडवलेले हे साधन. प्रत्येकाने आपली ब्रांच, म्हणजे शाखा, काढून तीवर काम करावे. कोणी काय आणि केव्हा बदलले याची नोंद राहावी. आणि मग ती शाखा मुख्य प्रवाहात मर्ज करावी, अशी त्याची रीत आहे.

शाखा काढणे सोपे असते. अडचण सुरू होते ती काहीतरी प्रकाशित करायची वेळ आली की. सत्र सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती छापील प्रत द्यावी लागते. तेव्हा मुख्य प्रवाहातून एक ‘रिलीज ब्रांच’ वेगळी काढून ठेवावी लागते. तीत नवे काही घालायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. इकडे मुख्य प्रवाहात लेखन चालूच राहते. छापील प्रतीसाठी केलेल्या दुरुस्त्या आठवणीने मुख्य प्रवाहात परत नेल्या नाहीत, तर यंदा काढलेली चूक पुढच्या वर्षी जशीच्या तशी उगवते. सॉफ्टवेअरच्या चमूंची जी डोकेदुखी, तीच ही. विन्सेंट ड्रीसन यांनी २०१० साली मांडलेल्या आणि पुढे ‘गिट फ्लो’ म्हणून गाजलेल्या पद्धतीत, रिलीज ब्रांच दोन्हीकडे मर्ज करण्याचा दंडक यासाठीच आहे. २०२० साली त्यांनी स्वतःच तिला एक टीप जोडली : ज्यांचे काम सतत प्रकाशित होत राहते त्यांनी याहून साधी पद्धत घ्यावी, जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना मात्र ही अजून उपयोगी पडेल. आम्ही अर्थातच दुसऱ्या गटातले. विद्यार्थ्याच्या दप्तरात गेलेली प्रत परत मागवता येत नाही.

आमच्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. शके १२१२ च्या ग्रंथाला तोवर जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती आणि त्याच्या प्रतींत पाठभेद साचले होते. नाथांनी त्या जुळवल्या आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, अशी ताकीदही दिली. याहून रोखठोक ‘रिलीज’ मराठीत दुसरे आम्हांला ठाऊक नाही. पण त्यांच्यासमोर नेमक्या कोणत्या प्रती होत्या, कोणता पाठ त्यांनी का सोडला, याची टिपणे आपल्या हाती नाहीत. प्रत आली, तिचा इतिहास आला नाही. म्हणूनच राजवाड्यांनी बीड येथे मिळालेल्या, नाथपूर्व म्हणून मानलेल्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा एवढा वाद झाला. तीही पोथी पुढच्या अभ्यासकांना ताडून पाहता आली नाही. नाथांच्या थोरवीला याने बाध येत नाही. अभ्यासकाची पंचाईत मात्र होते.

उलट उदाहरण पुण्याचे. भांडारकर संस्थेने १९१९ साली आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तीत स्वीकारलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठ तळटीपांत आहेत. वि. स. सुकथनकरांना तेथे सर्वांत जास्त छळले ते संकराने. लेखनिक एका पोथीवरून नक्कल करता करता दुसरीतला आवडलेला श्लोक उचलून आपल्या नकलेत घालत. आणि तो कोठून आला हे लिहीत नसत. मग वंशवृक्ष काढायचा कसा?

गिटमध्ये नेमके हेच ‘चेरी-पिक’ने होते. शाखा मर्ज केली की नव्या नोंदीला दोन्ही पालकांची नावे लागतात. चेरी-पिकने एकच बदल उचलून दुसरीकडे लावता येतो. पण मुद्दाम सांगितल्याशिवाय त्याचे मूळ नोंदले जात नाही. म्हणून छापील प्रतीच्या दुरुस्त्या आम्ही मर्ज करूनच परत आणतो, आणि क्वचित एखादी उचललीच तर मूळ नोंदीचा क्रमांक खाली लिहितो.

आणि बिनतक्रार झालेले मर्ज बरोबरच असते असेही नाही. २०२३ साली शहराचे अधिकृत नाव बदलले, तेव्हा आमच्यातील एकाने आपल्या शाखेवर टिपणातले ‘औरंगाबाद’ सर्वत्र बदलले. दुसऱ्याने त्याच सुमारास आपल्या शाखेवर जुन्या ग्रंथांची आणखी काही नावे, त्यांच्या मूळ प्रकाशनस्थळासह, जोडली. ओळी वेगळ्या होत्या, त्यामुळे यंत्राला विरोध दिसला नाही. एकाच यादीतले काही जुने ग्रंथ छत्रपती संभाजीनगरात प्रकाशित झालेले, तर काही औरंगाबादेत! ग्रंथाच्या मुखपृष्ठावर जे छापले तेच यादीत हवे, हे यंत्राला कोण सांगणार? तिसऱ्याने मुद्रितासारखे वाचले म्हणून ते सापडले. (याउलट, ‘ऱ’ हे अक्षर एकाने एका संकेतांकाने आणि दुसऱ्याने ‘र’ला नुक्ता जोडून लिहिले, तर डोळ्यांना न दिसणारा फरक यंत्र मात्र इमानाने दाखवते.)

खरा ‘कॉन्फ्लिक्ट’ येतो तो एकाच ओळीवर दोघांचे हात पडले की. तेव्हा गिट दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडून थांबते. निवाडा आपण करायचा. यंदा एका शब्दाच्या अर्थावरून आमच्यात तसे झाले आहे. दोन्ही अर्थांना आधार आहे. दोन्ही छापायचे, एक वर आणि एक तळटीपेत, एवढे ठरले. वर कोणता, यावर रिलीज ब्रांच अडली आहे.