मोकळी मेमरी

रात्री अकराला लॅपटॉप मिटतो, कोड मिटत नाही. पापण्यांआड कंस उघडत राहतात, कुठला तरी लूप एका पायरीनं चुकतोय असं वाटत राहतं. हिंजवडीहून परतणाऱ्या बसमध्ये माना टाकून झोपलेली पोरं बघावीत. देह घराकडे निघालाय, डोकं अजून तिकडंच.

कामाचं एक वेळ समजू शकतो. त्याला निदान साहेब असतो, डेडलाइन असते, रजेचा अर्ज असतो. आमच्या धंद्यात विश्रांती खरी खाते ती शिकण्याची हाव. शनिवारी नवं फ्रेमवर्क, रविवारी क्लाउडचं सर्टिफिकेट, जेवताना दीडपट वेगानं लावलेलं लेक्चर. शिकण्यातून रजा मागायची कुणाकडं? 'अभ्यासाला बस' ऐकत वाढलेल्या घरांत उघड्या पुस्तकापुढं केलेली काळजीही पुण्यात जमा होते, आणि खिडकीशी नुसतं बसलेल्याला 'बरं नाहीये का?' म्हणून विचारतात.

गंमत म्हणजे यंत्राला हा सोस नाही. १९५९च्या सुमारास जॉन मॅकार्थींनी लिस्प या भाषेसाठी गार्बेज कलेक्शनची युक्ती काढली. प्रोग्रॅम चालता चालता मेमरी भरते; मग त्याला थांबवायचं, कुठली गोष्ट अजून कुणी धरून ठेवलीय ते बघायचं, उरलेलं झाडून टाकायचं. जावावाले या थांबण्याला 'स्टॉप द वर्ल्ड' म्हणतात. मेमरी काठोकाठ भरू दिली, तर प्रोग्रॅमचा सगळा वेळ झाडण्यातच जातो, काम तसूभर सरकत नाही आणि शेवटी तो कोसळतो. तीच ओळ पाचव्यांदा वाचूनही न कळणारा माणूस मी याहून नेमका रंगवू शकणार नाही.

थांबण्याची ही युक्ती काही माणसांनाही साधते. गणिती आंरी प्वँकारे सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास काम करत. फुक्सियन फलनांवर डोकं शिणवून ते सहलीला गेले, आणि कूतांसला घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताच हवा तो दुवा सापडला. क्लोजर भाषेचे कर्ते रिच हिकी यांनी तर २०१०मध्ये झुल्यावर पडून विचार करण्यावरच अख्खं भाषण दिलं. मात्र आळशांनी लगेच खूश होऊ नये. आधी प्रश्नाशी झटलेल्यालाच गाडीची पायरी पावते, हेही प्वँकारेंनीच सांगून ठेवलंय.

आणि थांबायला वेळच मिळाला नाही, तर? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणानं पिचून जाण्याची, नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, कामाच्या जागेशी जोडलेली स्थिती म्हणून. म्हणजे दोष एकट्या थकणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत 'तणावमुक्ती'चा वेबिनार ठेवणाऱ्या समस्त मॅनेजरांना विनंती: वेबिनार राहू द्या, ती सुट्टी तेवढी परत करा.