दुसरे कॉलेज आधी निवडावे

सोनाळा, ता. संग्रामपूर

चि. बापू,

पर्यायी कॉलेज म्हणजे पहिल्या पसंतीच्या ठिकाणी नंबर लागला नाही तर मूल जिथे मनापासून जाईल, त्याच्या गुणांवर जिथला प्रवेश जवळपास पक्का आहे आणि जिथला खर्च घराला झेपतो, असे कॉलेज. या तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. प्रवेश पक्का पण मुलाचे मन नाही, किंवा मन आहे पण फीसाठी वावर गहाण पडते, अशा ठिकाणाला पर्याय म्हणत नाहीत. परवा फोनवर तुझ्या तोंडून "दुसरं कॉलेज पाहायचं म्हणजे पोरगी हरणार असं धरून चालायचं" हे वाक्य ऐकू आले, आणि त्याच्या मागे पोरीचा आवाजही आला. म्हणजे ती तिथेच होती. बापू, बापाने असे बोलू नये. बारावीच्या मुलीला त्यातून एवढेच कळते, की एक नाव सोडून बाकी कुठेही जाणे म्हणजे हरणे. ते नाव हुकले तर बापाला तोंड कसे दाखवायचे, हा विचार मग ती कोणालाच सांगत नाही.

पहिली पसंती ठरवायला कोणाची मदत लागत नाही. पुण्याचे सीओईपी १८५४ पासून आहे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ पासून. त्यांची नावे नात्यागोत्यात ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. मदत लागते ती दुसऱ्या नावासाठी, कारण त्याविषयी कोणी काही सांगत नाही आणि विचारायलाही माणसे लाजतात. म्हणून घरच्यांनी आपला वेळ आणि चौकशी आधी तिथे खर्चावी. निकालाच्या रात्री, घरात कोणी धड जेवलेले नसताना ठरलेले कॉलेज रागाने ठरलेले असते, आणि मूल तो राग चार वर्षे वागवते. ब्रिटनमध्ये यूकास या संस्थेमार्फत विद्यार्थी पाच जागी अर्ज करतो, आणि आलेल्या होकारांतून एक पक्का व एक विम्याचा असे दोन हाती ठेवतो. डॉक्टर व्हायचे असेल तर पाचपैकी चारच अर्ज त्या शाखेला करता येतात. पाचवा भरायचा तर दुसऱ्या विषयाचा. म्हणजे दुसऱ्या वाटेची जागा तिथे अर्जातच ठेवलेली आहे, आणि ती पहिल्या नंबरच्या मुलालाही आहे.

महाराष्ट्रात अभियांत्रिकीचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेवर होतो. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९५ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ९५ गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरातल्या ९५ जणांना पोरीइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत, असा त्याचा अर्थ. परीक्षेला लाखांनी मुले बसतात, त्यामुळे अर्ध्या पर्सेंटाइलच्या फरकात हजारांवर मुले पुढे निघून जातात. मागच्या वर्षांचे कटऑफ जाहीर असतात आणि पर्यायी कॉलेज ठरवताना तोच खरा आधार. मात्र ते वाचता आले पाहिजेत. तक्त्यात प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांची एक माळ असते. सुरुवातीला जी असेल तर सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी एच, ओ किंवा एस. एच म्हणजे गृह विद्यापीठातल्या मुलांच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्या मुलांच्या, आणि एस म्हणजे राज्यभरासाठी एकच यादी. गृह विद्यापीठ ठरते ते बारावी ज्या कॉलेजातून झाली त्यावरून. पोरीची बारावी अकोल्याची, म्हणजे तिचे गृह विद्यापीठ अमरावती.

पुण्याच्या एका खासगी कॉलेजच्या तक्त्याचा जो फोटो तुझ्याकडून व्हॉट्सॲपवर आला, त्यात लाल पेनाने गोल केलेला आकडा एचच्या रकान्यातला आहे. तो पुणे भागातल्या मुलांचा. अकोल्याच्या मुलीने त्याच पानावर ओचा रकाना पाहायचा असतो, आणि बाहेरच्यांना जागा तीसेक टक्केच, त्यामुळे तिथला आकडा बहुधा चढा. एवढा हिशेबी माणूस, कापसाच्या पट्टीतला पाव किलोचा फरक पकडणारा, आणि पोरीच्या तक्त्यात रकाना चुकतो, याचे वाईट वाटले. तिने तो फोटो पाहिला असेल तर तिला आधी नीट समजावून सांग. तो आकडा आपल्या आवाक्यात आहे असे धरून ती बसली असेल.

तोच नियम घराजवळ मुलीच्या बाजूने उभा राहतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी झाले. त्याआधी हा सगळा भाग नागपूर विद्यापीठाखाली होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्यात येतात. या जिल्ह्यांतल्या बहुतेक अभियांत्रिकी कॉलेजांत साधारण सत्तर टक्के जागा इथल्याच मुलांच्या, आणि त्यातही मुलींसाठी वेगळा वाटा. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ चेच. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. तेव्हा ज्यांना पुण्या-मुंबईची वाट माहीत नव्हती त्या घरांतली पहिली इंजिनिअर पोरे यांतल्याच वर्गांत घडली. शेगाव आपल्याला जवळ आहे म्हणून ते हलके, हा समज कोणी करून दिला? सोनाळ्याहून सकाळच्या एसटीने निघून, दाराशी लोंबकळत, शेगावच्या खोलीवर पोचणाऱ्या आपल्या दोघांना तेव्हा ते कॉलेज बाहेरून बघूनच ऊर भरून येत असे. विसरला असशील तर आठव.

पसंतीक्रम भरताना एकच नियम पाळायचा: क्रम आवडीचा असावा, शक्यतेचा नसावा. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागे. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन नावांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळाले तरी तसेच. ते नाकारले तर पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. म्हणून नुसत्या भीतीपोटी पक्के कॉलेज वर टाकले तर पहिल्याच दिवशी तेच गळ्यात पडते, आणि वरची चारच नावे भरून यादी थांबवली तर शेवटी हाती काहीच राहत नाही. वर मनातली नावे, मध्ये गुणांच्या आसपासची, आणि खाली गेल्या दोन-तीन वर्षांच्या कटऑफला मुलीचे पर्सेंटाइल आरामात पुरते अशी तीन-चार. खालच्या प्रत्येक नावावर तिचा होकार हवा. यंदाची माहितीपुस्तिका आली की फेऱ्यांचे नियम पुन्हा वाचायचे. ते दरवर्षी थोडेफार बदलतात.

होकार नुसत्या नावावर मिळत नाही. जाऊन पाहावे लागते. परीक्षा आटोपली आहे, गाडीने अकोल्याहून शेगाव म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ऑफिसात माहितीपत्रक घेऊन फिरू नये. मुलींच्या होस्टेलच्या दारात थांबून दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारावे, मेसचे जेवण कसे, लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी, प्रॅक्टिकल खरोखर होतात की वहीत उतरवतात, शेवटच्या वर्षाच्या किती मुलींना नोकरी लागली. या वेळी बापाने गेटबाहेर चहा घेत बसावे. मुली बापासमोर खरे सांगत नाहीत.

अभियांत्रिकीच्या यादीबाहेरही वाटा आहेत, आणि इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो शेतीच्या पदवीविषयी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. कृषीच्या पदवीला गणित घेऊन सीईटी दिलेली मुलेही चालतात. वेगळा अर्ज भरायचा एवढेच. ज्यांच्या नावाचे ते विद्यापीठ आहे ते पापळसारख्या खेड्यातून निघाले, विलायतेत डॉक्टरेट मिळवून परत आले, १९३२ मध्ये अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांनी शेतकऱ्याच्या पोरासाठी शाळा काढल्या म्हणून आज वऱ्हाडातली घरे शिकलेली आहेत. आणि त्याच घरांत "काहीच नाही तर ॲग्री" असे बोलले जाते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीला पाणी असून पिकाला देता येत नाही आणि माणसाला पिता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा एका उन्हाळ्यात वाळतात. या मातीला शिकलेल्या माणसाची जेवढी गरज आहे तेवढी पुण्यातल्या कुठल्या कंपनीला नाही. पोरीला मातीची आवड आहे की नाही हे तिलाच ठाऊक. पण लहानपणी बांधावर बसून कपाशीच्या बोंडातली अळी काडीने काढून बघत बसणारी तीच होती. एकदा विचारून तरी बघ.

बाकीच्या वाटा थोडक्यात. बी.एस्सी.साठी खामगावचे गो. से. महाविद्यालय आणि अकोल्यातली कॉलेजे आहेत. हे प्रवेश सीईटीच्या फेऱ्यांच्या आधीच सुरू होतात, तेव्हा तारखा वेगळ्या लिहून ठेवाव्या आणि मूळ टीसी देण्याआधी तिच्या चार झेरॉक्स काढाव्या. बीसीएला आता एआयसीटीईची मान्यता असलेल्या कॉलेजांत २०२४ पासून वेगळी सीईटी आहे. ती दिली नसेल तर ऐनवेळी "बीसीए तर आहेच" असे म्हणता येत नाही. बारावी विज्ञानानंतर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि डिप्लोमा झाला की पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे.

खर्चाच्या बाबतीत मुलीच्या बापाला एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा, खासगी अभिमत विद्यापीठ किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ घेतले तर ही माफी नाही. तुझ्या मित्राने सांगितलेले ते चकचकीत विद्यापीठ या शेवटच्या प्रकारात बसते. तिथे प्रवेश पक्का आहे हे खरे, आणि तो पैशांवर पक्का आहे. त्यासाठी वावर पुन्हा गहाण टाकू नये. आपल्या नानांनी एकदा टाकले, पुरे झाले. होस्टेल आणि मेस मात्र या माफीत येत नाही. त्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्या अटी कॉलेजात विचाराव्या.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणे हा पर्याय कधी कधी योग्य असतो: आजारपणाने किंवा एखाद्या पेपरच्या गोंधळाने गुण गेले असतील आणि मूल स्वतः थांबायचे म्हणत असेल तेव्हा. बापाच्या हट्टाने थांबलेले वर्ष वेगळे. आत्याच्या घरी ते वर्ष कसे गेले हे आपण दोघांनी पाहिलेले आहे. तो मुलगा अजून लग्नकार्यात चारचौघांत बसत नाही. पोरीला रात्री झोप लागते का, जेवते का, मैत्रिणींशी बोलते का, याकडे तिच्या आईला लक्ष द्यायला सांग. आणि तूही दे.

शेवटी कागद. अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आताच काढावे. जुन्या नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपलेली असू शकते. जात वैधता सगळ्यात वेळखाऊ. जात पडताळणी समितीकडे प्रकरण टाकल्याची पावती आहे म्हणून निश्चिंत राहू नये. राखीव जागेवरचा प्रवेश वैधतेवाचून अडतो. माझ्या पोराची वैधता आधीच झालेली आहे, आणि रक्तनात्यातल्या वैधतेची प्रत जोडली तर काम सोपे जाते. तिची झेरॉक्स आणि नानांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची साक्षांकित प्रत सोबत पाठवली आहे. दाखल्यावरचे आडनाव आणि तुझ्या आधारवरचे आडनाव यांत एका काना-मात्रेचा फरक दिसतो. अकोल्याला समितीच्या कार्यालयात त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागते का ते विचार, आणि काय सांगतात ते लगेच कळव.

तुझा
दादा